डाव्या वाफ्याचं पाणी

कीटकनाशकाच्या बाटलीसोबत एक घडीचा कागद येतो. उलगडला की तो टॉवेलाएवढा होतो, आणि त्यावर दहा-बारा भाषांत इतकी बारीक अक्षरं असतात की छापणाऱ्यालाच ती कोणी वाचू नयेत असं वाटत असावं. धामणगाव बढ्याला माझं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. इतक्या वर्षांत हा कागद शेवटपर्यंत वाचून घेणारं एकच गिऱ्हाईक मला भेटलं, आणि त्या गिऱ्हाइकाला वाचता येत नव्हतं.

द्वारकाकाकू दुकानात यायची ती बाजाराच्या दिवशी, भर गर्दीच्या वेळेला. डोक्यावरची टोपली काउंटरवर ठेवायची, खताच्या पोत्यावर बसकण मारायची आणि बाटली माझ्याकडे सरकवून म्हणायची, "वाच. सारं वाच."

"काकू, प्रमाण सांगतो ना. पंधरा लिटरच्या पंपाला..."

"प्रमाण मले शेजारचा बी सांगते. तू कागद वाच. विकून तू राह्यला, त वाचीन कोन?"

मागे पाच-सहा माणसं ताटकळत. कोणी खाकरायचं, कोणी उगाच मोबाइल काढायचं. मी वाचायला लागायचो. ती डोळे मिटून ऐकायची आणि मधेच बोट वर करायची, म्हणजे ती ओळ परत. एकदा मी घाईत दोन ओळी गाळल्या. काकूनं डोळे उघडले. "तुह्यं बोट दोन ओळी खाली गेलं आन् तोंड एकच ओळ बोललं," ती म्हणाली. "मांगं जा." त्या दिवसापासून मला तिची भीती वाटायला लागली, आणि खरं सांगायचं तर तिच्यासाठी वाचताना माझ्याच मालाबद्दल मला पहिल्यांदा नीट कळायला लागलं.

त्या कागदावर एक ओळ असते, की फवारल्यावर इतके दिवस माल तोडू नये. ती ओळ पाळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. काकू फवारलेल्या वाफ्याच्या कोपऱ्यात काडी रोवून तिला लाल चिंधी बांधायची. विचारलं की सांगायची, "ह्या वाफ्याले तीन दिवस सुतक हाय." एकदा एका लग्नाचा आचारी सकाळी सकाळी तिच्या मळ्यात आला आणि भरल्या वांग्यांसाठी सगळीच्या सगळी वांगी मागू लागला. चिंधीला अजून दोन दिवस बाकी होते. आचाऱ्यानं हात जोडले, भाव वाढवला, नवऱ्या मुलीची शपथ घातली. काकू म्हणाली, "लग्नाचं जेवन हाय ना बापू? मंग सुतकाचं वांगं चालते का?" त्या लग्नात पाहुण्यांनी बटाट्याची भाजी खाल्ली आणि आचाऱ्यानं पुढं वर्षभर काकूच्या नावानं बोटं मोडली.

दिसायला ती ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आवाज असा, की मळ्यातून हाक मारली तर डांबरी रस्त्यावरची एसटी थांबावी. पाय मात्र पाहण्यासारखे होते. रुंद, भेगाळलेले, बोटं फाकलेली. वर्षातले निम्मे दिवस ते पाय पाण्यात असायचे. दीड एकराचा मळा, त्यात वांगी, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे बाहेरच्या लोकांची कोथिंबीर. विहिरीचं पाणी दांडातून, म्हणजे मातीच्या पाटातून, यायचं आणि काकू फावड्यानं एकेका वाफ्याचं तोंड उघडत, बंद करत ते फिरवायची. मी तिला ठिबक घ्यायला किती वर्षं सांगत होतो. तिचं उत्तर ठरलेलं, "त्याच्यात पाय कुठं बुडते?" वाफा पुरता भिजला की नाही हे ती डोळ्यांनी पाहायचीच नाही. मधोमध उभी राहायची. तळव्यांना कळायचं.

तिचे यजमान नामदेवकाका म्हणजे मान डोलावण्यासाठी जन्माला आलेले गृहस्थ. टोपी, पांढरी विजार आणि सगळ्याला "हाव," म्हणजे होय. निंदण, तोडणी, बाजार, सगळं ते करायचे, पण पाण्याच्या फावड्याला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाणी लावून ते बांधावर झोपले होते आणि पाणी शेजारच्या कपाशीत गेलं होतं. त्याला पस्तीस वर्षं झाली तरी खटला मिटलेला नव्हता.

एका वर्षी पावसानं दगा दिला. विहीर तासाभरात कोरडी पडायची. वांग्याचे सोळा वाफे उभे होते. आजूबाजूच्यांनी सगळ्या वाफ्यांना थोडं थोडं पाणी फिरवलं. काकूनं एका सकाळी उजव्या हाताच्या आठ वाफ्यांची तोंडं चिखलानं लिंपून टाकली आणि आलं तेवढं पाणी डाव्या आठांना सोडलं. उजवीकडची झाडं मान टाकायला लागली तेव्हा काका दुकानात येऊन माझ्यासमोर रडायच्या बेतात होते. "तुही काकू फिरली बे," ते म्हणाले. पण डावे वाफे तरारले. त्या उन्हाळ्यात बाजारात वांगी होती ती एकट्या काकूची. शेजाऱ्यांच्या मळ्यात झाडून सगळ्या वाफ्यांचं सरपण झालं होतं. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पुढं ती एका मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर येणार आहे.

आता दुखण्याचं. काकूला शौचाला रक्त पडत होतं. तिनं स्वतःच ठरवलं की मूळव्याध आहे, आणि जवळजवळ वर्षभर सुरण खाल्ला. कोणाला सांगितलं नाही. बाटलीचा कागद शेवटपर्यंत वाचून घेणारी बाई स्वतःच्या शरीराच्या बाबतीत अंदाजावर चालली, याचा मला अजून राग येतो. एका बाजारात वांगी तोलता तोलता ती खाली बसली ती उठेचना. मग बुलढाण्याला नेलं, दुर्बीण झाली, स्कॅन झालं. काका रिपोर्ट घेऊन आले आणि पुण्याला नोकरीत असलेल्या मुलाशी, प्रशांतशी, फोनवर बोलून दोघांनी ठरवलं, की आईला काही सांगायचं नाही. आतड्याला सूज आहे एवढंच म्हणायचं. काकांनी मलाही तसंच बजावलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी काकू दुकानात आली. टोपली काउंटरवर ठेवली, मेथीच्या जुड्या बाजूला केल्या आणि खालून फाइल काढली.

"वाच. सारं वाच."

मी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, नाव आणि वय मोठ्यानं वाचलं. पुढं इंग्रजी होतं. सूज या शब्दाभोवती एखादं वाक्य जुळवता येईल का, असा विचार करत होतो तेवढ्यात तिची नजर माझ्या बोटाकडे गेली.

"बोट थांबलं तुह्यं," ती म्हणाली. "जिथं थांबलं ते वाच."

मी वाचलं. मोठ्या आतड्यात कॅन्सर आहे, आणि तिथून तो लिव्हरमध्ये पसरला आहे. उजव्या बाजूला चार गाठी, डाव्या बाजूला एक लहान. दुकानात गर्दी होती, पण त्या वेळी कोणी खाकरलं नाही. काकूनं मेथीच्या जुडीतलं एक पिवळं पान खुडून खाली टाकलं.

"तुह्या काकाले माहीत हाय?"

"हाव."

"आन् प्रशांतले?"

"हाव, काकू."

"म्हंजे साऱ्या घरात मी एकटीच सुजेवर होती," ती म्हणाली, आणि मला त्या तसल्या वेळीही हसू आलं. मग ती जरा पुढं झुकली. "याच्यावर औषध हाय का काही? का नुसतं नावच मोठं?"

मी म्हटलं, ते मला नाही सांगता येणार, डॉक्टरच सांगतील. "मंग तू चाल संग," ती म्हणाली. "ते लिहीन, तू वाचजो."

घरी ती काकांशी दोन दिवस बोलली नाही. आजारामुळे नाही, तो लपवला म्हणून. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "मले न विचारता तुम्ही माह्यं पाणी वळवलं." काकांनी हे मला सांगितलं तेव्हा ते टोपी हातात घेऊन तिची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. पस्तीस वर्षांपूर्वीच्या कपाशीपेक्षा ही गोष्ट त्यांना जास्त लागली होती.

संभाजीनगरला एका मोठ्या हॉस्पिटलात आम्ही गेलो. काकू, काका आणि वाचक म्हणून मी. डॉक्टर उंच, शांत, चाळिशीतले. त्यांनी फाइल पाहिली आणि काकांकडे बघून बोलायला सुरुवात केली. काकूनं टेबलावर टिचकी मारली. "दुखनं माह्यं हाय. इकडं पाहून बोला." डॉक्टरांनी निमूटपणे खुर्ची वळवली.

ते म्हणाले, लिव्हरमध्ये गेलं म्हणजे सगळं संपलं असं समजू नका. आतड्यातली गाठ काढता येते. लिव्हरच्याही गाठी काढता येतात, पण मागं पुरेसं चांगलं लिव्हर उरणार असेल तरच. लहान गाठ असली तर सुई घालून जागच्या जागी जाळता येते. आधी सलाईनमधून औषधं देऊन गाठी आकसून घ्यायच्या, म्हणजे कापायला सोपं जातं. आणि कापणं जमलंच नाही तर औषधांवर आजार दाबून ठेवायचा. आतड्याचा तुकडा तपासला की त्या गाठीला कोणतं नवं औषध लागू पडेल, तेही कळतं.

"लिव्हर कापल्यावर मानूस जगते?"

"जगतो. उरलेलं वाढतं. पण तुमची अडचण वेगळी आहे, काकू. उजवी बाजू सगळी काढावी लागेल, आणि तुमची डावी बाजू लहान आहे. तेवढ्यावर तुमचं भागणार नाही." त्यांनी कागदावर लिव्हरचं चित्र काढलं. "म्हणून आधी उजव्या बाजूला रक्त नेणारी शीर आम्ही आतून बंद करतो. ऑपरेशन न करता, सुईनं. मग सगळं रक्त डावीकडे वळतं आणि चार-पाच आठवड्यांत डावी बाजू मोठी होते. पुरेशी झाली, की मग उजवी काढायची."

काकूनं हात पुढं केला. "कागद इकडं द्या." तिनं चित्र स्वतःकडे फिरवलं, पेन मुठीत धरलं आणि शिरेवर एक जाड रेघ ओढली. "हा दांड. हे उजवे वाफे, हे डावे. इथं चिखल लावून उजवे बंद, सारं पानी डाव्याले. असंच ना?"

डॉक्टरांनी तिच्या रेघेवर बोट ठेवलं. "असंच," ते म्हणाले.

काका खुर्चीत ताठ झाले. ती दुष्काळातली वांगी त्यांच्या डोळ्यांपुढं आली असणार, कारण आजाराचं कळल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग दिसला.

"मंग पानी तोडल्यावर उजव्यातल्या गाठी बी सुकन?" काकूनं विचारलं.

"नाही. त्या सुकत नाहीत, म्हणूनच तर कापायचं."

"वाफ्यातल्या तनाचं असंच असते. गॅरंटी?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "डावी बाजू वाढेलच असं सांगता येत नाही. ऑपरेशननंतर आजार परत येऊ शकतो. आला तर परत उपाय करू. पण या वाटेनं गेलात तर बरं व्हायची खरी संधी आहे."

काकू माझ्याकडे वळली. "तुह्या बियान्याच्या पिशवीपरीस हा मानूस खरा हाय." मग तिनं शेवटचा प्रश्न विचारला, "मी पान्यात पाय कधी ठेवीन?" डॉक्टरांना काही कळेना. मी मळ्याचं, दांडाचं, तळव्यांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते फाइलच्या कोपऱ्यात खरोखर लिहून ठेवलं. मी नंतर वाचून पाहिलं.

आधी आतड्याचं ऑपरेशन झालं, ते सुरळीत पार पडलं. मग सलाईनचे दिवस आले. त्या औषधाची एक खोड होती. त्यानं गार वस्तूचा स्पर्श सहन होत नाही. काकूनं माठात तांब्या बुडवला आणि विजेचा झटका बसावा तसा हात मागं घेतला. पाण्यात पाय तर सोडाच, सकाळच्या गार फरशीवरही तिला उभं राहवेना. ऐन चैत्रात बुलढाणा जिल्हा भाजून निघत असताना काकू पायांत दोन-दोन लोकरी मोजे आणि हातांत मुलाचे थंडीतले हातमोजे घालून मळ्यात टोमॅटोच्या उपड्या कॅरेटवर बसलेली असायची. आणि पाण्याचं फावडं पस्तीस वर्षांनी नामदेवकाकांच्या हातात आलं होतं.

मी एकदा तिकडून जाताना थांबून पाहिलं. "अहो, तिकडं नाही, तिकडं! माती दाबून लावा! गोंजारून काऊन राह्यले तिले?" काका धावत होते, घसरत होते. एका वाफ्याचं तोंड बंद करेपर्यंत दुसऱ्याचं फुटत होतं. "गेला! सांबार गेला पोहाले!" काकू हातमोज्यातल्या हातानं कपाळ बडवून घेत होती. काका गुडघाभर चिखलात उभे राहून तिच्याकडे पाहत होते आणि अचानक दोघं हसायला लागली. इतकी हसली, की काकूला ऑपरेशनच्या टाक्यांवर हात धरावा लागला. दोन-तीन महिन्यांत मात्र काका तयार झाले. पाणी त्यांचं ऐकायला लागलं.

गाठी आकसल्या. मग ती शीर बंद केली. आता सगळा खेळ डाव्या बाजूच्या वाढण्यावर होता. ती वाढली तर ऑपरेशन, नाही वाढली तर नुसत्या औषधांवर दिवस. घरी सोडताना हॉस्पिटलनं इंग्रजीत एक कागद दिला. पेरणीचा हंगाम सुरू झाला होता आणि माझ्या दुकानासमोर रांग लागली होती. काका निरोप घेऊन आले, कागद वाचायला येऊन जा. मी म्हटलं, उद्या. चार दिवसांनी परत आले. मी म्हटलं, उद्या नक्की. तिसऱ्यांदाही उद्याच म्हटलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ उद्या म्हटले आहेत. त्या तिन्हींची मात्र मला अजून लाज वाटते.

तेवढ्यात सुलतानपूरहून काकांची थोरली बहीण, अनसूयाआत्या, मुक्कामाला आली. लग्न होऊन आलेल्या द्वारकाकाकूला हिनंच चूल आणि मळा शिकवला होता, त्यामुळे जगात काकू कोणाचा शब्द खाली पडू देत नसेल तर तो हिचा. आत्यानं कागदातला एकच शब्द कोणाकडून तरी ऐकला, लिव्हर. आणि आपल्याकडे लिव्हर म्हणजे काय? कावीळ! काविळीत आत्याचा हात धरणारं सुलतानपूर परिसरात कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पथ्य सुरू झालं. तेल बंद, हळद बंद, तुरीचं वरण बंद, दूध बंद. ज्वारीची कोरडी भाकर, पाणचट ताक, मुळ्याच्या पानांचा रस आणि दुपारी उसाचा रस. शिवाय गळ्यात काविळीची माळ. ही एका झाडाच्या मुळ्यांच्या बारीक तुकड्यांची असते, आणि जसजसे दिवस जातात तसतशी ती लांबत जाते. कावीळ उतरत असल्याची ती खूण समजतात. आत्या रोज सकाळी माळ वितीनं मोजायची आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, "आज दोन बोटं वाढली! लिव्हर वाढून राह्यलं!"

गल्लीनंही मनापासून हातभार लावला. कोणी ऊस आणून दिला, कोणी मुळे. काकूनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. डाव्या वाफ्यासाठी जे सांगतील ते करायचं, असं तिनं ठरवलं होतं.

चार आठवड्यांनी आम्ही परत संभाजीनगरला गेलो. या वेळी आत्याही सोबत होती, श्रेय घ्यायला. आधी वजन केलं, ते चार किलो कमी भरलं. मग स्कॅन झालं. डॉक्टरांनी पडद्यावर डावी बाजू दोनदा मोजली.

"डावी बाजू वाढली आहे, पण हवी तेवढी नाही. आणि या वजनावर एवढं मोठं ऑपरेशन मला करता येणार नाही. काकू, तुम्ही खाता काय?"

आत्या पुढं सरसावली आणि तिनं अभिमानानं सगळं सांगितलं. शेवटी काकूच्या पदराआडून माळ ओढून दाखवली. ती आता बेंबीपर्यंत आली होती. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी तो इंग्रजी कागद मागवला आणि माझ्यासमोर ठेवला. मी वाचला. डाळी, दूध, दही, शेंगदाणे, पनीर, चालत असतील तर अंडी, भरपूर, दिवसातून सहा वेळा. काही वर्ज्य नाही.

काकू त्या कागदाकडे पाहत होती.

"म्हंजे मी पानी सोडलं," ती म्हणाली, "आन् खत बंद केलं."

डॉक्टरांनी तीन आठवड्यांची मुदत दिली. तेवढ्यात वजन आलं आणि डावी बाजू वाढली तर ठीक, त्याहून जास्त थांबणं बरं नाही, असं स्पष्ट सांगितलं. परतीच्या जीपमध्ये आत्या सिल्लोडपर्यंत पदर तोंडाला लावून रडत होती. "मीच मारली असती तुले," एवढंच तिचं चाललं होतं. शेवटी काकू म्हणाली, "अक्का, तुम्ही नका रडू. तुम्हाले वाचता येत नाही. ज्याले येते तो उद्या-उद्या करत बसला." रस्ता लांबच लांब वाटत होता.

त्यानंतरचे तीन आठवडे काय वर्णावेत! ज्या आत्यानं घरातला तेलाचा डबा कुलपात ठेवला होता, तिनं तो चुलीपाशी आणून ठेवला. मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून जायचो आणि तो कागद आत्याला वाचून दाखवायचो. चौथ्या दिवशी तिला तो पाठ झाला, तरी ती म्हणायची, "वाच बापू, सारं वाच." दर दोन तासांनी ताटली काकूसमोर यायची. शेंगदाण्याची चटणी तेलात कालवलेली, मुगाचे लाडू, घट्ट वरण, दही. गल्ली दुधाची चरवी घेऊन दारात उभी. "पोळ्याच्या बैलावानी चारून राह्यले मले," काकू कुरकुरायची. पण खायची. खाताना तिच्या डोळ्यांत जी धास्ती असायची ती मी पाहिली आहे. एकदा घास हातात धरून तिनं मला विचारलं, "नाही वाढलं त?" "मलाही भीती वाटते, काकू," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि तो घास खाल्ला.

तीन आठवड्यांनंतरच्या स्कॅनला डॉक्टरांनी पडदाच काकूकडे वळवला. "बघा," ते म्हणाले, "तुमचा डावा वाफा." काकूला त्या काळ्या-पांढऱ्यातलं काय दिसलं ते तिला ठाऊक, पण शेतकरी उभं पीक पाहतो तसं तिनं ते कितीतरी वेळ पाहिलं. आत्यानं तिथल्या तिथं डॉक्टरांच्या डोक्यावरून बोटं मोडून दृष्ट काढली.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार कलेपर्यंत चाललं. काका बाकावर बसून टोपीची घडी घालत होते. डॉक्टर बाहेर आले, उजवी बाजू काढली, डावीकडची लहान गाठ जाळली, काकू ठीक आहेत, असं म्हणाले. काकांनी "हाव" म्हणायला तोंड उघडलं आणि ते हुंदके देऊन रडायलाच लागले. मीही रडलो. लपवायचं काय त्यात?

त्यानंतर परत थोडी औषधं झाली. आता दर काही महिन्यांनी स्कॅन असतं. मागचा रिपोर्ट स्वच्छ आला. तो मी दुकानात, भर गर्दीत, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. कोणी "काकू, बरी झाली ना आता?" असं विचारलं की ती म्हणते, "पुढच्या कागदापर्यंत बरी हाय."

पण काकू म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर जो प्रसंग येतो तो गेल्या हिवाळ्यातला. तिचं मेथीचं बी द्यायला मी मळ्यात गेलो होतो. उन्हं कोवळी होती, दांडाला पाणी खळखळत होतं. काका फावडं घेऊन उभे होते, आणि वाफ्याच्या मधोमध, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, अनवाणी पायांनी काकू पाण्यात उभी होती. गार पाण्याची ती झिणझिणी गेली होती. पण औषधांनी तळवे बधिर झाले होते ते झालेच होते. त्यात पूर्वीची जाण आली नव्हती, येईलच असंही डॉक्टरांनी म्हटलं नव्हतं. ती पाय हलवून, बोटं रोवून पाहत होती. तिला काही कळत नव्हतं, हे मला बांधावरून दिसत होतं.

"भिजला का हो?" तिनं विचारलं. असं तिनं कोणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

काका मान डोलावणार आणि हाव म्हणणार, तिला बरं वाटावं म्हणून, असंच मला वाटलं. काका वाफ्याच्या कडेनं शेवटपर्यंत चालत गेले. वाकले. मनगटापर्यंत हात मातीत घातला.

"नाही," ते म्हणाले. "खालचा कोपरा कोरडा हाय अजून."

काकूनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचा सगळा चेहरा हसला.

"मंग असू द्या चालू," ती म्हणाली, आणि तशीच पाण्यात उभी राहिली.